प्राध्यापक ग्रासी आणि पानासारखा मासा

आमच्या वसई तालुक्यातील मुलांस मासळीची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाही. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथे होड्या किनाऱ्यास लागल्या आणि डोल जाळी रिकामी झाली की पापलेट, बोंबील, मांदेली, वाम यांची नावे लहान मूलही भराभर सांगते. परंतु समुद्रात असेही बारीक, काचेसारखे पारदर्शक जीव असतात की त्यांचे नाव विचारले असता जाणत्या माणसासही क्षणभर थांबावे लागते. गाईचे वासरू गाईसारखे दिसते, कोंबडीचे पिल्लूही कोंबडीच्या कुळातले म्हणून चटकन ओळखू येते. समुद्रात मात्र हा नियम चालत नाही. पुष्कळ माशांची पिल्ले आपल्या आईबापांहून रंगाने व आकाराने इतकी निराळी असतात की ती कोणाची हे नुसते पाहून ठरविता येत नाही. ते ठरवावयाचे तर पिल्लू जिवंत राखावे लागते आणि वाढता वाढता ते काय रूप घेते हे धीराने पाहावे लागते. अशा एका अनोळखी पिल्लाचे कूळ निश्चित करून दोन हजार वर्षांचे कोडे ज्यांनी पुष्कळ अंशी उलगडले, त्या जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी या इटालियन प्राणिशास्त्रज्ञांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ते कोडे काय होते हे सांगितले पाहिजे. युरोपातील नद्या, तळी व खाड्या यांत ईल नावाचा एक सर्पाकृती मासा राहतो. आपल्याकडील वाम ज्यांनी पाहिली आहे त्यांस त्याच्या आकाराची कल्पना सहज येईल. कोकणातील नद्यांतही ईलचा एक सगोत्र मासा असून त्यास काही ठिकाणी अहीर म्हणतात. युरोपात हा मासा प्राचीन काळापासून लोक आवडीने खात आले. परंतु तो कापिताना त्याच्या पोटात गाबोळी कधी कोणास सापडली नाही, आणि त्याचे अगदी कोवळे पिल्लूही कोणी पाहिले नाही. गाबोळी नाही आणि पिल्लूही नाही, मग हा मासा जन्मतो कसा? ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने तो ओल्या चिखलातून आपोआप उत्पन्न होतो असे मानिले. रोमन ग्रंथकार प्लिनी याने ईल खडकांस अंग घाशितात व त्या खरवडीतून नवे ईल निपजतात असे लिहून ठेविले. १७७७ साली बोलोन्या येथील मोंदीनी यांनी मादीचे अंडाशय ओळखले आणि १८७४ साली त्रिएस्त येथे सिर्स्की यांस नराची इंद्रिये आढळली. त्यांची खात्री करण्यासाठी १८७६ साली एका तरुण विद्यार्थ्याने त्याच शहरी सुमारे ४०० ईल चिरून पाहिले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे मानसशास्त्रामुळे जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड होत. इतके करूनही पक्व अंडी मिळाली नाहीत व पिल्लूही मिळाले नाही. याचे कारण आता ठाऊक झाले आहे. ईल नदीत वाढतो, परंतु त्याची अंडी नदीत पिकत नाहीत. समुद्राकडे कायमचा निघून गेल्यावरच तो प्रजननास योग्य होतो.

ग्रासी यांचा जन्म २७ मार्च १८५४ रोजी उत्तर इटलीतील कोमो शहराजवळच्या रोव्हेल्लास्का या गावी झाला. पाव्हिया येथील विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला व १८७८ साली ते पदवीधर झाले. वैद्यकीची पदवी हाती असूनही त्यांचे मन रोग्यापेक्षा रोग उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे अधिक ओढले गेले. आतड्यात राहणारा अंकुशकृमी मनुष्यास रक्तहीन करितो. परंतु हा कृमी पोटात आहे की नाही हे त्या काळी मृत्यूनंतरच्या तपासणीत कळे. ग्रासी यांनी पारोना बंधूंच्या साहाय्याने १८७८ साली असे दाखविले की रोग्याच्या मळात या कृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, व त्यांवरून जिवंतपणीच रोगाचे निदान करिता येते. पुढे जंताची अंडी पोटात गेल्याने जंत होतात की काय हे पाहण्यासाठी त्यांनी ती अंडी स्वतःच गिळली. अंड्यावरून कृमी ओळखावा, आणि एखादा जीव एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना त्याची पाठ सोडू नये, ही जी सवय त्यांस तरुणपणी लागली ती त्यांच्या सर्व आयुष्यात टिकून राहिली. त्यांच्या पुढील मोठ्या शोधांचे मूळ आम्हांस याच सवयीत दिसते.

यानंतर ते जर्मनीतील हायडलबर्ग येथे अध्ययनास गेले. तेथेच मारिया कोनेन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. पुढे सिसिली बेटात एका अतिसूक्ष्म, कोळ्यांच्या वर्गातील प्राण्याचा शोध लागला तेव्हा त्यास त्यांनी पत्नीच्या माहेरच्या नावावरून कोनेनिया हे नाव दिले. १८८३ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, ते सिसिलीतील कातानिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथे त्यांनी वाळवीच्या समाजाचा जो सखोल अभ्यास केला तोही विद्वानांत मान्य झाला. याच ठिकाणी त्यांस साल्वातोरे कालांद्रुच्चो नावाचा एक उद्योगी शिष्य व सहकारी लाभला. ईलच्या शोधात या दोघांचे परिश्रम एकत्र आहेत हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

सिसिली बेट व इटलीची मुख्य भूमी यांच्यामध्ये मेसिना नावाची अरुंद सामुद्रधुनी आहे. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह इतक्या जोराने परस्परांवर आदळतात की प्राचीन ग्रीक लोक तेथील भोवऱ्यांस राक्षसी समजून भीत असत. परंतु नावाड्यांस जे संकट, ते प्राणिशास्त्रज्ञांस वरदान ठरले. या खळबळीने खोल समुद्रातले, एरवी मनुष्याच्या दृष्टीस न पडणारे जीव वर येतात आणि कधी किनाऱ्यावर फेकले जातात. त्यांत एक विलक्षण मासा सापडत असे. त्याची लांबी सुमारे ७ ते ८ सेंटिमीटर, अंग झाडाच्या पानासारखे रुंद व चपटे, डोके अगदी लहान, दात पुढे आलेले, रक्तात तांबडा रंग नाही आणि सारे शरीर असे पारदर्शक की पाण्यात फक्त दोन डोळे काय ते दिसावेत. अशा पानासारख्या माशांस विद्वानांनी लेप्टोसेफॅलस, म्हणजे बारीक डोक्याचे, असे नाव दिले होते. मेसिनाच्या या माशास तोंड आखूड असल्यामुळे १८५६ साली काउप यांनी लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरॉस्ट्रिस म्हणून स्वतंत्र जातीचा मान दिला. त्याचे नमुने मद्यार्कात घालून बाटल्यांत ठेवण्यात आले आणि नाव पुस्तकात गेले. आपण एका पिल्लास प्रौढ मासा समजत आहो ही शंका मात्र फार थोड्यांस आली.

ती शंका ज्यांस आली त्यांपैकी अमेरिकेतील गिल यांनी १८६४ साली असे अनुमान केले की या पानमाशांपैकी एक प्रकार हा काँगर नावाच्या समुद्री ईलचे पिल्लू असावा. दुसरे मोठे विद्वान ही पिल्ले म्हणजे वाढ खुंटलेले, विकृत जीव होत असे म्हणत राहिले. बाटलीतील मेलेल्या माशावरून हा वाद मिटण्याजोगा नव्हता. १८८६ साली फ्रान्समधील रॉस्कोफ येथील समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत देलाज यांनी तसला एक पानमासा खाऱ्या पाण्याच्या कुंडात जिवंत ठेविला. काही महिन्यांत त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा लहानसा काँगर बनला. गिल यांचे अनुमान खरे ठरले. तरीही नदीतील ईलचे पिल्लू कोणते हा मूळ प्रश्न तसाच राहिला होता.

ग्रासी व कालांद्रुच्चो यांनी तोच मार्ग धरिला. मेसिना व कातानिया येथे मिळतील तितके पानमासे ते जमवू लागले. काही तर सूर्यमासा नावाच्या एका प्रचंड माशाच्या पोटातून त्यांनी काढिले. भूमध्य समुद्रात ईलसारखे मासे अनेक जातींचे आहेत, आणि प्रत्येकाचे पानासारखे पिल्लू वेगळे. यांतून नदीतल्या ईलचे पिल्लू निवडावयाचे कसे? येथे त्यांस मोजणीचा उपयोग झाला. पानमाशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत स्नायूंचे तिरकस पट्टे असतात. ते मोजिले असता मोठ्या माशाच्या पाठीत किती मणके असतील याचा अंदाज बांधिता येतो, कारण मासा कितीही बदलला तरी ही संख्या जवळजवळ तीच राहते. युरोपातील ईलचे मणके ११० ते ११९ यांच्या दरम्यान भरतात. आखूड तोंडाच्या त्या पानमाशाचे पट्टेही तितकेच भरले. कपडे बदलले तरी बोटांचे ठसे बदलत नाहीत, तसलाच हा प्रकार होता.

तथापि मोजणी हे अनुमानच होय. प्रत्यक्ष पुरावा मत्स्यकुंडातून यावयाचा होता. मुंबईस १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यापासून आपल्या बाजूच्या पुष्कळ लोकांनी काचेआडचे समुद्री मासे पाहिले. परंतु खाऱ्या पाण्यातील जीव कुंडात जगविणे किती अवघड असते याची कल्पना पाहुण्यास सहसा येत नाही. पाणी तापले, नासले किंवा त्यातील क्षाराचे प्रमाण बदलले की मासा मरतो. समुद्राच्या खोलीतून आलेले, कागदाइतके पातळ पिल्लू तर फारच नाजूक. त्यातही एक गोष्ट ग्रासी यांच्या बाजूची होती. मेसिनास सापडणारे हे पानमासे पूर्ण वाढलेले, रूपांतराच्या उंबरठ्यावर आलेले असत. या अवस्थेत पिल्लू खाणेच सोडून देते व शरीरात साठविलेल्या चिकट द्रव्यावर निर्वाह करिते. त्यामुळे त्यास काय खाऊ घालावे हा कठीण प्रश्न त्या दोघांपुढे उभा राहिला नाही. त्यांनी फक्त त्यास जगू द्यावयाचे आणि पाहात राहावयाचे होते.

त्यांनी जे पाहिले ते असे. पानासारखी रुंदी हळूहळू ओसरू लागली व अंग गोल झाले. पुढे आलेले लांब दात गळून गेले. नवल असे की वाढण्याऐवजी मासा लांबीनेही काहीसा आखूड झाला. शेवटी कुंडात जो जीव उरला तो पारदर्शक, दोऱ्यासारखा, सळसळ करीत पोहणारा छोटा ईल होता. असले काचेसारखे ईल हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात हजारोंच्या झुंडींनी युरोपातील नद्यांच्या मुखांतून आत शिरतात हे तेथील कोळ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते येतात कोठून एवढेच ठाऊक नव्हते. आता दोन टोके जुळली. पुस्तकातली एक संपूर्ण माशाची जात त्या कुंडात नाहीशी झाली व तिच्या जागी एका ओळखीच्या माशाचे बालपण सापडले. लेप्टोसेफॅलस हा शब्द तेव्हापासून जातीचे नाव न राहता ईल वर्गाच्या बाल्यावस्थेचे नाव होऊन बसला.

चार वर्षांच्या या उद्योगाची हकीकत १८९६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी वाळवी व ईल यांवरील संशोधनाबद्दल ग्रासी यांस डार्विन पदक अर्पण केले. लेखावर नाव एकट्या ग्रासी यांचे होते. आत सहकाऱ्याचा उल्लेख होता, परंतु जगाने पदकावरचे नाव लक्षात ठेविले. कालांद्रुच्चो यांचे नाव आज फार थोडे जाणतात. समुद्रकाठी नमुने गोळा करणारे हातही शोधात तितकेच भागीदार असतात, म्हणून आम्ही ते नाव येथे पुन्हा लिहीत आहोत.

१८९५ सालापासून ग्रासी रोम येथे प्राध्यापक होते. तेथे त्यांनी आपली तीच पद्धत हिवतापाकडे लाविली. हिंदुस्थानात रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले होते आणि १८९८ साली कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र डासातून शोधून काढिले होते. त्याच १८९८ सालाच्या अखेरीस ग्रासी, बिग्नामी व बास्तियानेल्ली या तिघांनी मनुष्याचा हिवताप आनोफिलीस जातीच्या डासाच्या दंशाने होतो हे सिद्ध केले व त्या जंतूची डासाच्या शरीरातील अवस्थांतरे वर्णिली. १९०० साली दक्षिण इटलीतील कापाच्चोच्या हिवतापी मैदानात त्यांनी रेल्वेच्या शंभराहून अधिक लोकांस जाळी लाविलेल्या घरांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत राहावयास लाविले. आजूबाजूस ताप पसरला असता हे लोक, थोडे अपवाद सोडून, निरोगी राहिले. मात्र १९०२ सालचे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांस मिळाले. त्यापूर्वी व त्यानंतर या दोन थोर पुरुषांनी परस्परांवर जी कडवट टीका केली ती दोघांसही शोभणारी नव्हती. आम्हांस येथे कोणाची वकिली करावयाची नाही. हिवतापापासून आज जे प्राण वाचतात ते दोघांच्याही श्रमांचे फळ आहे, एवढे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात धरावे.

ईलच्या बाबतीतही ग्रासी यांचे एक अनुमान पुढे चुकीचे ठरले. पिल्ले मेसिनास सापडतात, तेव्हा ईल भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यातच अंडी घालीत असावेत असे त्यांस वाटले. १९०४ साली डेन्मार्कचे योहान्नेस श्मिट यांस फेरो बेटांच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात, तसेच एक पिल्लू मिळाले. तेव्हा त्यांनी एक साधा नियम हाती धरिला. जिकडे पिल्ले अधिकाधिक लहान सापडतील तिकडे त्यांचे जन्मस्थान असले पाहिजे. भूमध्य समुद्रात पूर्वेकडे जावे तो पिल्ले मोठी होत गेली. म्हणजे ती जिब्राल्टरच्या वाटेने बाहेरून आत येत होती. अनेक सफरींनंतर, १९२२ सालच्या सुमारास, श्मिट यांनी दाखविले की सर्वांत लहान पिल्ले अमेरिकेकडील बाजूच्या सारगासो समुद्रात मिळतात. तेथून हजारो किलोमीटर वाहत येऊन ती युरोपास पोहोचतात. ग्रासी यांनी बालक ओळखले, पण पाळण्याची जागा चुकली. तथापि बालक ओळखल्यावाचून पाळणा शोधण्यास कोणी निघालेच नसते.

ग्रासी यांच्या उतारवयात त्यांस मान पुष्कळ मिळाला. १९०८ साली ते इटलीच्या वरिष्ठ सभेचे सभासद नेमले गेले. द्राक्षवेलींचा नाश करणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीचाही त्यांनी अभ्यास केला. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीत हिवताप पुन्हा बळावला, तेव्हा हा वृद्ध प्राध्यापक टायबर नदीच्या मुखाशी असलेल्या फ्युमिचीनो या दलदलीच्या गावी कामास लागला. तेथील गरीब कुटुंबांचा ताप आणि तेथील डास हाच त्यांच्या अखेरच्या वर्षांचा विषय झाला. ४ मे १९२५ रोजी रोम येथे त्यांस मृत्यू आला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह फ्युमिचीनोच्या लहानशा दफनभूमीत ठेवण्यात आला.

त्यांनी सुरू केलेले काम मात्र तेथे थांबले नाही. ग्रासी यांच्या कुंडातली पिल्ले न खाता बदलली. अंड्यापासून पिल्लू वाढवावयाचे तर त्यास खाऊ घालणे भाग होते, आणि ते काय खाते हेच समजेना. जपानमध्ये १९७३ साली तेथील ईलची अंडी कृत्रिम उपायांनी प्रथम उबविण्यात आली. परंतु ती पिल्ले काचेसारख्या ईलच्या अवस्थेपर्यंत वाढविण्यास पुढे सुमारे तीस वर्षे लागली. अखेर शार्क माशाच्या अंड्यांपासून केलेले पातळ खाद्य त्यांस मानवले. २०१० साली कुंडात जन्मलेल्या ईलपासून दुसरी पिढी झाल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी जाहीर केले. या खटपटीस आज केवळ कुतूहलाचे महत्त्व नाही. युरोपातील ईल इतका कमी झाला आहे की तो नष्ट होण्याच्या अत्यंत गंभीर धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला आहे. नद्यांवरील बांध, मळलेले पाणी आणि अतोनात मासेमारी ही त्याची काही कारणे होत. ज्याचे बालपण कोठे व कसे जाते हे आपणांस कळले, त्याचे रक्षण कोठे करावे हेही कळते.

हा विचार आमच्या किनाऱ्यासही लागू आहे. बारीक आसाच्या जाळ्यात जो काचेसारखा चुरा येतो तो पुष्कळदा पुढल्या वर्षांची मासळी असते. तिला नाव नाही म्हणून ती निरुपयोगी असे समजणे ही काउप यांच्या बाटलीतलीच चूक होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची घरे समुद्राकाठी आहेत त्यांनी असे एखादे पिल्लू मिळाल्यास ते जवळून पाहावे, त्याच्या अंगावरील पट्टे मोजावेत, चित्र काढावे, तारीख लिहून ठेवावी, आणि त्यास जिवंतपणीच पाण्यात परत सोडावे. पुढील महिन्यात त्याच जागी काय सापडते तेही लिहावे. ग्रासी यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक होता हे खरे. परंतु त्यांच्या कामाचा मोठा भाग वही, मोजणी आणि न कंटाळता वाट पाहणे एवढ्यावरच चालला होता, आणि ही साधने आमच्या प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या हाती आहेत.